सेल्फ मारा बघू

पंक्चर झालेल्या चाकाबद्दल सोलापुरात कुणी मत देत नाही. बसलेलं चाक डोळ्यांना दिसतं, रुतलेला खिळाही बहुतेक वेळा दिसतो. त्यात मत काय द्यायचं? पण किल्ली फिरवल्यावर गाडी नुसतीच ‘खट्’ म्हणून गप्प बसली, की गोष्ट वेगळी. बॉनेट उघडायचा अवकाश, पानटपरीवरचे दोघे, बँकेच्या पायरीवर नंबर यायची वाट बघणारा एक आणि ‘लै घाईत आहे’ असं फोनवर कुणाला तरी सांगत चाललेला एक दुचाकीस्वार, अशी समिती भरते. गाव तीन भाषांचं, त्यामुळे निदानही तिन्ही भाषांत होतं. ‘बॅटरी होग्यादरी.’ ‘बॅटरी पोयिंदि.’ ‘बॅटरी उतरली बघा.’ तिन्ही भाषकांचं असं झटक्यात एकमत व्हायचे प्रसंग आमच्याकडे दोनच: एक सिद्धेश्वरांची यात्रा आणि दुसरा बंद पडलेली गाडी.

एकमत झालं म्हणून चर्चा थांबते असं नाही. एक जण प्लग काढून पुसायला सांगतो. गाडी डिझेलची आहे, तिला ठिणगीचा प्लगच नसतो, हे उघडकीला येईपर्यंत कुणीतरी पाना आणायला धावलेलं असतं. दुसरा ‘पेट्रोल आहे का?’ असं विचारतो; पण ते विचारणं नसतं, आरोप असतो. तिसरा तरुण, तो नुसतं ‘सेन्सर’ म्हणतो आणि पुढचं काही बोलत नाही. पूर्वी वैद्यांना न कळलेल्या दुखण्याला वात म्हणत, तसं हल्ली न कळलेल्या बिघाडाला सेन्सर म्हणतात.

शेवटी धक्का. दुसऱ्याला धक्का द्यायला सोलापूरकर कधी मागंपुढं बघत नाही. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा आणि गाडीनं वेग घेतला की झटकन सोडायचा. चाकंच इंजिन फिरवतात आणि सेल्फचं काम परस्पर होऊन जातं. फक्त कॉइलला आणि पेट्रोलच्या पंपाला पुरेल एवढा जीव बॅटरीत उरलेला लागतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला मात्र हा उपाय लागू पडत नाही. ही गोष्ट डफरीन चौकातून जोरात निघालेल्या मंडळींपैकी कुणाच्या तरी पार्क चौकात लक्षात येते, आणि ती ज्याच्या लक्षात येते त्याच्याकडे बाकीचे रागानं बघतात.

थोडक्यात, उत्तरं सगळ्यांकडे असतात. प्रश्न असलेला माणूस शोधायला लागतो.

आमच्याकडे तो सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत बसतो. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ असं रंगवलेलं आहे, लोक वायरमन म्हणतात आणि समोर बोलताना उस्ताद. त्यांचे वडील गिरणीत वायरमन होते. एकेक करून गिरण्यांचे भोंगे थांबले आणि मुलगा गाड्यांकडे वळला. दुकान म्हणजे एक शटर, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची फळी, पोट उघडून ठेवलेले सेल्फ आणि अल्टरनेटर, आणि खिळ्याला टांगलेला टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. एकीच्या टोकाला क्लिप, दुसरीच्या टोकाला घासून टोकदार केलेला सायकलचा स्पोक. क्लिप बॉडीला लावायची आणि स्पोक एकेका जोडाला टेकवत जायचं. बल्ब लागतो तिथपर्यंत करंट आहे, विझतो त्याच्या अलीकडे चोर आहे. आठ-दहा जोडांची वायर असेल तर उस्ताद पहिल्या जोडापासून सुरुवात करत नाहीत, मधोमध टेकवतात. बल्ब लागला तर मागची निम्मी वायर एका झटक्यात निर्दोष.

पण हे सगळं नंतर. उस्ताद येताक्षणी बॉनेट उघडत नाहीत. ते खिडकीशी वाकून उभे राहतात.

‘मालक, आधी हेडलाइट लावा. लागली? आता सेल्फ मारा बघू. काय म्हणतीय लाइट?’

लाइटचं म्हणणं नीट ऐकलं तर निम्मं काम तिथंच होतं. लाइट तशीच लख्ख राहिली आणि आवाज काहीच नाही, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही. मग रिले, किल्लीमागचा स्विच, क्लचखालचा स्विच, सोलेनॉइडची बारीक वायर, या ओळीनं जायचं. लाइट मंदावली आणि ‘टक टक टक टक’ असा आवाज लागला, तर बॅटरी खरोखरच उतरलेली: सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फनं करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा ओढला जातो. एकच ‘खट्’ होऊन लाइट पार गेली, तर बहुधा टर्मिनल सैल नाहीतर आतून काळं. आणि इंजिन मस्त फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी सुटली निर्दोष. आता ठिणगीला नाहीतर पेट्रोलला धरायचं. एवढं सगळं हात काळे न करता.

मग उलटतपासणी. गाडी गरम असताना असं होतं का थंड असताना? रात्री पाऊस होता का? आतला दिवा लागलेला राहिला होता का? आणि शेवटी, अगदी सहज विचारल्यासारखा, त्यांचा ठेवणीतला प्रश्न: ‘काल-परवा वायरिंगला कुणी हात लावला होता का ओ?’ या प्रश्नावर मालक हमखास ‘छे छे’ म्हणतात. मग मागच्या सीटवरून काकू सांगतात, की भाच्यानं रविवारी फॉगलाइट बसवून दिलेत. बाहेरगावच्या दुकानातून आणले, स्वस्त पडले. भाच्यानं फ्यूज न घालता थेट हेडलाइटच्या वायरीवर जोड मारलेला असतो आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली असते.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांची गाडी मनात येईल तेव्हा चालू व्हायची. काकांनी नवी बॅटरी घातली. आठ दिवस बरे गेले, पुन्हा तेच. दुसऱ्या एका ठिकाणी सेल्फ उघडून कार्बन बदलून घेतले. पुन्हा तेच. मग किल्लीचा स्विच. एव्हाना गाडीपेक्षा काकांनाच सुरू व्हायला सकाळी वेळ लागायला लागला होता. उस्ताद आले, त्यांनी टेस्ट लॅम्प खिशातच ठेवला आणि मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं थेट इंजिनच्या एका बोल्टवर. ‘काका, मारा.’ मीटरचा आकडा दोनच्या वर गेला. या दोन जागा म्हणजे विजेच्या हिशेबानं एकच जागा. तिथं अर्ध्या व्होल्टचा फरकसुद्धा जास्त.

गोष्ट साधी असते. छोट्या गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शे-दीडशे अँपिअर ओढतो. वाटेत एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा आला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. दिव्याला, हॉर्नला, रेडिओला हा अडथळा जाणवतही नाही, कारण त्यांची मागणीच थोडी. म्हणून बॅटरी चांगली दिसते आणि गाडी चालू होत नाही. उस्तादांनी बॅटरीचा ट्रे काढला. खाली तांब्याच्या तारांची विणलेली अर्थिंगची पट्टी, बॉडीला एका बोल्टनं आवळलेली, आणि बोल्टच्या डोक्याखाली हिरवट-पांढरी भुकटी. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला, नवा वॉशर घातला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवलं. गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू.

‘म्हणजे ही बॅटरी चांगली आहे?’ काकांनी विचारलं.

‘जुनी पण चांगली होती,’ उस्ताद म्हणाले.

काकांना ते वाक्य पुढं बरेच दिवस लागून राहिलं.

विजेच्या बिघाडात वस्तू क्वचित दोषी असते, बहुतेक वेळा जोड दोषी असतो, असं माझं या गल्लीत उभं राहून झालेलं मत आहे. पण आपण वस्तू बदलतो. वस्तूला खोकं असतं, वॉरंटी असते, बिल असतं. पैसे दिल्याचं समाधान असतं. घासून आवळलेल्या बोल्टचं बिल कुठल्या फायलीत लावणार?

मोटारीच्या बाबतीत या गावाला बोलायचा थोडा अधिकारही आहे. वालचंद हिराचंद 23 नोव्हेंबर 1882 ला सोलापुरात जन्मले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांची कंत्राटदारी सुरू झाली, मग बोगदे, जहाजं, विमानाचा कारखाना, आणि 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लरच्या सहकार्यानं जुळवलेली गाडी बाहेर पडली, फियाट त्यानंतरची. 1953 मध्ये ते गेले, त्यामुळे पुढं 1974 पासून पद्मिनी या नावानं धावलेली 1089 सीसीची गाडी त्यांना बघायला मिळाली नाही, आणि पावसाळी सकाळी धोतराच्या सोग्यानं तिचा डिस्ट्रिब्युटर पुसत उभं राहायचा योगही आला नाही. हा दोष एकट्या तिचा नव्हे. त्या काळच्या सगळ्याच गाड्यांना दमट हवेचं वावडं होतं. मुंबईत पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. हळवे झालेल्यांपैकी कितीजणांनी तिचे पॉइंट घासले होते कोण जाणे.

पॉइंट म्हणजे त्या ठिणगीच्या कारभारातलं एक उघडझाप करणारं दार. ते मिटलेलं असताना बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो. ते उघडलं की करंट अचानक तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. डिस्ट्रिब्युटरचा रोटर ते एकेका प्लगला वाटत जातो: एक, तीन, चार, दोन. इंजिनचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर चार सिलिंडरांना मिळून मिनिटाला सहा हजार ठिणग्या, म्हणजे सेकंदाला शंभर. एवढी उघडझाप केल्यावर पॉइंट जळणार नाहीत तर काय? कंडेन्सर शेजारी बसून ते जळणं थोडं लांबवतो, एवढंच. डिस्ट्रिब्युटर फिरतो कॅमशाफ्टच्या जोरावर, इंजिनच्या निम्म्या वेगानं; आणि कॅमशाफ्ट म्हणाल तर ते सोलापुरातच बनतात. 1992 मध्ये निघालेली इथली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स परदेशातल्या कारखान्यांना ते पुरवते. आमच्या गावची चादर लोकांना माहीत असते, कॅमशाफ्ट नसतो. तो अंगावर घेता येत नाही.

त्या काळी गाडीवाल्या घरात पॉलिश पेपरचा तुकडा डॅशबोर्डमध्ये असायचाच. पॉइंट घासायचे, हॅक्सॉचं ब्लेड मधे सरकवून फट जमवायची, कॅप सुक्या फडक्यानं आतून पुसायची. ठिणगी येते का बघायला प्लगची वायर इंजिनपासून थोडी दूर धरायची आणि ‘मारा’ म्हणून ओरडायचं. वायर जो धरायचा तो घरातला धाकटा असायचा, आणि वायरीचं रबर कुठं तडकलंय हे शोधायची ती खात्रीची पद्धत होती. एखाद्या उत्साही मुलानं चारही वायरी एकदम काढून स्वच्छ पुसल्या, की परत लावताना एक-तीन-चार-दोनचं एक-दोन-तीन-चार व्हायचं. मग गाडी सायलेन्सरमधून असे बार काढायची की गल्लीतली कुत्री दिवाळी समजून कॉटखाली जायची.

धीट माणसांची ही परंपरा मात्र जुनी आहे. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्यानंच बनवलेली मोटार काढून दोन मुलांसह मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता, आणि मोटारीनं एवढ्या लांब त्याआधी कुणी गेलेलंच नव्हतं. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली, आणि इग्निशनच्या वायरीचं आवरण घासून गेलं तिथं मोज्याचा बंद गुंडाळला, असं सांगतात. म्हणजे जगातली पहिली ऑटो इलेक्ट्रिशियन माहेरी निघालेली बाई होती. आणि आमची चौकातली समिती गाडी चालवणाऱ्या बाईला अजून सांगते, ‘ताई, तुम्ही आत बसून फक्त किल्ली फिरवा.’

सोलापूरच्या बॅटऱ्यांचं दुखणं हा वेगळा अध्याय. बॅटरी थंडीत दगा देते असं सगळे म्हणतात, आणि आमच्याकडे थंडी म्हणजे जेमतेम स्वेटर कपाटातून काढण्यापुरती. खरा घाव उन्हाळ्यात बसलेला असतो. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. दहा अंश वाढले की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं असा एक ठोकताळा आहे. पाणी उडतं, आतल्या शिशाच्या जाळ्या गंजत जातात. पण इंजिनही गरम, तेलही पातळ, त्यामुळे अधू बॅटरीनंसुद्धा ते फिरतं. मग संक्रांत येते. तेल घट्ट झालेलं, बॅटरीतली रसायनं मंदावलेली, आणि नेमकी सगळ्या पाव्हण्यांना घेऊन गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, जायची वेळ. वैशाखात मेलेली बॅटरी पौषात पडते. होम मैदानाच्या आसपास त्या दिवसांत जंपर केबल मागणारी माणसं दिसतात. उस्तादांचा सल्ला एकच: लाल लालला लावा, पण काळीचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला लावू नका, इंजिनच्या पत्र्याला लावा. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो.

नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत, डिस्ट्रिब्युटर नाही, प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल. घासण्यासारखं काही उरलं नाही असं वाटत होतं, तर उंदीर आले. बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते आणि इंजेक्टरच्या वायरी दातांना बऱ्या लागतात. यावर देशभर एक घरगुती उपाय चालतो तो तंबाखूचा. सोलापूर विडी वळणाऱ्या बायकांचं गाव, तंबाखूला तोटा नाही. त्यामुळे इथं इंजिनशेजारी कापडाची पुरचुंडी लोंबकळताना दिसली तर दचकू नये. उंदीर तिला किती घाबरतात याबद्दल उस्ताद काही बोलत नाहीत. एकदा एका पुरचुंडीतच उंदराचं घरटं निघालं, एवढंच ते सांगतात.

आणि आता स्कॅनर. स्टिअरिंगखाली सॉकेट असतो, त्यात लावला की पडद्यावर कोड येतो. समितीतला तो सेन्सरवाला तरुण मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर खिशात घेऊनच फिरतो. कोड दिसला की तो भाग बदलायचा, असा त्याचा सरळ हिशेब. उस्तादांकडेही स्कॅनर आहे, पण त्यांचं म्हणणं, की तक्रार कुणी केली ते कोड सांगतो. गुन्हा कुणाचा ते आपण शोधायचं. बॅटरी अशक्त असेल तर गाडीतले निम्मे कॉम्प्युटर एकदम तक्रारी करतात: ब्रेकचा वेगळा, स्टिअरिंगचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. त्या सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे सामान बदलायचं तर नवी गाडी घेतलेली परवडेल. उस्ताद कोड कागदावर लिहून घेतात, पुसून टाकतात, टर्मिनल आवळतात आणि गाडी चक्कर मारून आणायला सांगतात. परत किती तक्रारी आल्या त्यावर पुढचं.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर मला उस्तादांची काळजी वाटली होती. ना प्लग, ना सेल्फ, ना कॉइल; शेकडो व्होल्टची बॅटरी पोटाखाली, तिच्या नारिंगी केबलला हात लावायची सोय नाही. परवा जुळे सोलापुरात एका इमारतीखाली अशीच एक गाडी पूर्ण गप्प होती. दारंसुद्धा उघडेनात. मालक म्हणत होते, की मोठी बॅटरी काल रात्रीच फुल्ल चार्ज केलीय. उस्ताद म्हणाले, ‘मोठीचं नाही विचारलं. छोटी कुठंय?’

दारं, दिवे, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर, हे सगळं अजून जुन्या बारा व्होल्टवरच चालतं. ती छोटी बॅटरी उतरली की पोटाखालची मोठी भरलेली असून नसून सारखी. मालकांना छोटी बॅटरी आहे हेच नवीन होतं.

‘पुस्तकात लिहिलेलं असतंय. पुस्तक कुठंय?’

‘गाडीत.’

उस्तादांनी त्यांच्या हातातला रिमोट घेतला, उलटा केला, कडेची एक बारीक खाच नखानं दाबली आणि आतून एक सपाट लोखंडी किल्ली ओढून काढली. ती हँडलशेजारच्या भोकात फिरली, दार उघडलं. आतला खटका ओढून बॉनेट वर केलं, छोट्या बॅटरीला क्लिपा लावल्या, तोपर्यंत मालक त्या किल्लीकडेच बघत होते.

‘ही कधीपासून आहे यात?’ त्यांनी विचारलं.